नववी ते बारावीच्या मुलांना इमर्जन्सी मेडिसिनची ओळख: खान्देशातल्या शाळांसाठी टप्प्याटप्प्याने

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांमध्ये इमर्जन्सी मेडिसिनची, म्हणजे तातडीच्या रुग्णांवरच्या उपचारांची, ओळख करून देणारा कार्यक्रम बहुतेक वेळा एकाच साच्यात होतो. सभागृहात तीनशे मुलं बसवतात, शहरातले मोठे डॉक्टर येतात, शाल-श्रीफळ होतं, मैदानात ॲम्ब्युलन्सचा सायरन वाजवून दाखवतात आणि भाषण 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर येऊन थांबतं. घरी जाताना मुलाच्या डोक्यात एवढंच उरतं की डॉक्टर व्हायला फार मार्क लागतात. कॅज्युअल्टीत, म्हणजे दवाखान्याच्या तातडीच्या विभागात, नेमकं काय काम चालतं, ते कोण करतं, आपल्याला ते जमेल का, आवडेल का, यातलं काहीच त्याच्या हाती लागत नाही.

चूक क्रमात आहे. आधी आपल्या गावातला रुग्ण दवाखान्यापर्यंत कसा पोहोचतो ते मुलांनी शोधायचं. मग हाताने काही शिकायचं, मग हे काम रोज करणारी माणसं भेटायची, मग कॅज्युअल्टी बघायची. प्रवेश परीक्षा सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की मेहनत वाया जाते, म्हणून खालचे टप्पे त्याच ओळीने घ्या. दर शनिवारी दोन तास दिले तर पाच-सहा आठवड्यांत सगळं बसतं. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. जानेवारीपासून दहावी-बारावीच्या पूर्वपरीक्षा सुरू होतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात मुलांना बाहेर फिरवणं धोक्याचं असतं.

टप्पा १: मुलं, पालक आणि परवानग्या

पंचवीस ते तीस मुलं पुरेत. नववी आणि अकरावी हे सर्वात योग्य वर्ग. मुलं निवडताना मार्क बघू नका. अर्धं पान लिहून घ्या: "कुणाला अचानक त्रास झाला तेव्हा तू तिथे होतास का? काय केलंस, काय करावंसं वाटलं?" यातून पहिल्या बाकावरचा हुशार विद्यार्थी येईलच, पण शेतात वडिलांना चक्कर आली तेव्हा त्यांना सावलीत ओढत नेणारी मुलगीही येईल. या कामाला दोघंही लागतात.

लगेच परवानग्यांच्या मागे लागा, त्यांना तीन-चार आठवडे जातात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायचं तर पत्र अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) नावे. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे. पत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहा: एका वेळी किती मुलं येणार, किती वेळ थांबणार, मुलं कुठल्याही रुग्णाला हात लावणार नाहीत, फोटो काढणार नाहीत. शेवटचं वाक्य वाचल्यावर अधिकाऱ्यांचा बराच ताण उतरतो.

पालकांची लेखी संमती हवीच. तिच्यात "शैक्षणिक भेट" एवढंच लिहून मोकळं होऊ नका. मूल जखमी माणूस पाहील, रडणारे नातेवाईक पाहील, हे सरळ लिहा. मुलींच्या घरून हमखास एक प्रश्न येतो: रात्रपाळीचं काय? त्याचं उत्तर शिक्षकाने देण्यात अर्थ नाही. कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या एखाद्या सिस्टर किंवा लेडी डॉक्टरांना पालकसभेला बोलवा. त्या घर आणि ड्यूटी कशी सांभाळतात ते त्यांच्याच तोंडून ऐकलं की आया पुढचे प्रश्न स्वतःहून विचारतात.

सावधान: ज्या मुलाच्या घरात मागच्या वर्षभरात अपघाती मृत्यू, विषबाधा किंवा आत्महत्या झाली असेल, त्याच्याशी वर्गशिक्षकांनी आधी एकट्याने बोलावं. त्याने थांबायचं म्हटलं तर थांबू द्यावं आणि कारण वर्गात सांगू नये.

टप्पा २: आपल्या गावची साखळी कागदावर

इथे अजून डॉक्टर बोलवायचे नाहीत. मुलांचे चार-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक गाव द्या, शक्यतो त्यांच्यातल्याच एखाद्याचं. प्रश्न एकच: रात्री दोन वाजता या गावात कुणाला साप चावला, तर तो माणूस उपचारापर्यंत कसा पोहोचेल?

आठवडाभरात गटाने शोधायचं: गावात रात्री कुणाची गाडी मिळते, उपकेंद्र कुठे आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असतात का, सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळात जवळ कुठे मिळतं, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता कुठे तुटतो. आशाताई, सरपंच, रिक्षावाले यांना विचारून ही माहिती मिळते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातलं गाव आणि धडगाव-अक्कलकुव्याकडचा पाडा यांचे कागद शेजारी ठेवले की मुलांना जे दिसतं ते कुठल्याही भाषणातून दिसत नाही. एकीकडे अर्ध्या तासात तालुक्याचा दवाखाना, तर दुसरीकडे झोळीत घालून डोंगर उतरायचा, मग गाडी. नर्मदाकाठच्या गावांसाठी बोट ॲम्ब्युलन्स आहे हे शाळेतल्या बहुतेक मुलांना माहीतच नसतं.

याच टप्प्यात १०८ या ॲम्ब्युलन्सच्या क्रमांकाला फोन करण्याचा सराव घ्या. एक मूल गावकरी, दुसरं कॉल घेणारं, दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला. १०८ चं नियंत्रण केंद्र पुण्यात औंधला आहे. तिथल्या माणसाला "मारुतीच्या देवळाजवळ या" सांगून काय कळणार? नुसतं "पिंपळगाव" सांगूनही भागत नाही, कारण महाराष्ट्रात पिंपळगावं ढीगभर आहेत. "पिंपळगाव हरेश्वर, तालुका पाचोरा, जिल्हा जळगाव" असं पूर्ण सांगायला लावा. मग जवळची ठळक खूण किंवा फाटा, रुग्ण किती, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. फोन आपण आधी ठेवायचा नाही. पहिल्या फेरीत बहुतेक मुलं तालुका विसरतात, म्हणून दोन-तीन फेऱ्या घ्या.

सावधान: सरावासाठी खरा १०८ किंवा ११२ लावायचा नाही, गंमत म्हणूनही नाही. त्या मिनिटाला कुणाला तरी तो हवा असतो.

तपासा: प्रत्येक गटाच्या कागदावर सर्वात कच्च्या दुव्याभोवती लाल गोल आहे का? तो दुवा कुणाच्या हातात आहे, डॉक्टरच्या, ड्रायव्हरच्या, सिस्टरच्या की गावकऱ्याच्या, हे मुलांनी बोलून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढे करिअरची चर्चा याच कागदावरून करायची आहे.

टप्पा ३: हाताने शिकणं

दोन शनिवार द्या. एका दिवसात दहा विषय उरकण्याची घाई हीच इथली मोठी चूक आहे. चार गोष्टी पुरेत: छाती दाबणं, रक्तस्राव थांबवणं, उष्माघात आणि फवारणीची विषबाधा. सर्पदंश साखळीच्या कागदावर आलाच आहे, त्याचे नियम इथे दहा मिनिटांत पक्के करा: दंशाच्या वर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि भगताकडे वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

छाती दाबणं शिकवायला प्रशिक्षित माणूस हवा. इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनने सामान्य माणसांसाठी फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत तयार केली आहे. भूलतज्ज्ञ डॉक्टरांना ती नीट माहीत असते, त्यांच्याकडे चौकशी करा. सरावाचा पुतळा सर्वांना पुरत नाही, तेव्हा घट्ट उशी आणि तिच्याखाली झाकण लावलेली रिकामी पाण्याची बाटली चालते. बाटली दाबली की परत वर येते आणि दाब पूर्ण सोडायचा म्हणजे काय ते तळहाताला कळतं. जमीन कडक हवी, गादीवर सराव नको. तळहाताची टाच छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, कोपरं सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर. वेग मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. पहिल्या मिनिटात सगळ्यांना सोपं वाटतं, दुसऱ्या मिनिटात दंड भरून येतात आणि कोपरं वाकायला लागतात. म्हणून घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटं करू द्या. हे काम अंगमेहनतीचंही आहे हे मुलाला तिथे समजतं.

सावधान: छाती दाबण्याचा सराव जिवंत माणसावर, मित्रावर, लहान भावावर करायचा नाही. हे फळ्यावर लिहून ठेवा.

उष्माघात आपल्याकडे रोजचा विषय आहे. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. मुलांना फरक शिकवा: घाम आलेला, थकलेला पण नीट बोलणारा माणूस वेगळा, आणि अंग तापलेलं, बडबड करणारा किंवा शुद्ध हरपत चाललेला माणूस वेगळा. दुसऱ्याला दवाखान्यात नेण्याआधी आणि नेतानाही गार करत राहायचं: सावली, जादा कपडे काढणं, अंगावर पाणी आणि वारा, बर्फ असेल तर काखेत आणि जांघेत. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी किंवा कांद्याचा रस घालायचा नाही.

फवारणीसाठी औषधाच्या डब्यावरच्या चौकडीचा फोटो मोठा करून आणा. टोकावर उभी असलेली ती चौकडी, तिचा खालचा त्रिकोण रंगीत असतो: लाल सर्वात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. कपाशीवाल्या घरातल्या मुलांनी हा रंग शेकडो वेळा पाहिलेला असतो, अर्थ कुणी सांगितलेला नसतो. विषबाधेत काय करायचं: फवारणीचे कपडे काढणं, साबण-पाण्याने अंग धुणं, आपल्या हातांना विष लागणार नाही हे बघणं, उलटी करवायची नाही, आणि डबा किंवा त्याचं लेबल दवाखान्यात सोबत नेणं. लेबलावरून डॉक्टरांना औषधाचा गट कळतो, उतारा त्यावर ठरतो. शाळेत खरा डबा आणू नका, रिकामासुद्धा नाही.

या टप्प्याच्या शेवटी एक सराव जरूर घ्या, माझ्या मते सगळ्या कार्यक्रमात तो सर्वात मोलाचा. एक मूल घाबरलेला नातेवाईक होतं आणि घरच्या बोलीत बोलतं: "मन्हा आंडोरले साप चावना!" (माझ्या मुलाला साप चावला!) दुसऱ्याने त्याला अहिराणीतच शांतपणे विचारायचं, "कव्हय चावना? कोठे दुखस?" आणि मग डॉक्टरांना एका मिनिटात मराठीत सांगायचं: कोण, वय किती, काय झालं, केव्हा झालं, आता कसा आहे. पावरी, भिली, लेवा बोलणारी मुलं असतील तर त्यांच्या बोलीत घ्या. शाळेत ज्या बोलीला गावंढळ म्हणून हिणवतात, कॅज्युअल्टीच्या दारात तीच कामाला येते. बाहेरून आलेल्या डॉक्टरला जे पाच मिनिटांत कळत नाही ते ही मुलं अर्ध्या मिनिटात काढतात.

तपासा: घटनांचे सराव काल्पनिकच ठेवा. जानेवारी २०२५ मधल्या पाचोऱ्याजवळच्या रेल्वे दुर्घटनेसारखी खरी घटना सरावाला घेऊ नका. त्या भागातल्या मुलांनी ती जवळून पाहिली-ऐकली आहे.

टप्पा ४: काम करणारी माणसं

आता पाहुणे बोलवायचे, पण व्यासपीठाशिवाय. चार खुर्च्या, चार माणसं: कॅज्युअल्टीच्या सिस्टर, १०८ वरचे डॉक्टर, १०८ चे पायलट म्हणजे चालक, आणि वैद्यकीय महाविद्यालयातले एखादे इंटर्न किंवा निवासी डॉक्टर. गट फिरते ठेवा, प्रत्येकाजवळ पंधरा मिनिटं.

फक्त ज्येष्ठ डॉक्टर बोलवण्याचा मोह आवरा. पंधरा वर्षांच्या मुलाला पन्नाशीतले सर्जन आपल्यासारखे वाटत नाहीत, बावीस-तेवीस वर्षांचा इंटर्न वाटतो. पायलटला न विसरता बोलवा. रस्ता कुठे खराब आहे, गाडीत मागे काय चाललंय याचा अंदाज घेत कशी चालवायची, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

मुलांना प्रश्न आधी लिहून आणायला सांगा. "सर, प्रेरणा कुठून मिळाली?" हा प्रश्न वगळा. हे विचारू द्या: मागची दिवाळी कुठे गेली? पगार किती आणि वेळेवर होतो का? नातेवाईक अंगावर आले तर काय करता? रुग्ण गेला तर घरच्यांना कोण सांगतं, कुठल्या शब्दांत? डॉक्टर आणि दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तरी भीती आहेच, आणि ती मुलांपासून लपवू नये. त्रास ऐकूनही ज्याचे डोळे चमकतात त्याची आवड खरी समजा.

टप्पा ५: कॅज्युअल्टीची भेट

एका वेळी चार-पाच मुलं, सोबत एक शिक्षक, जास्तीत जास्त पाऊण तास. वेळ तिथल्या इन्चार्ज सिस्टरांना विचारून ठरवा. आठवडी बाजाराचा दिवस आणि संध्याकाळ टाळा. ऐन वेळी मोठा अपघात आला तर भेट रद्द, तक्रार न करता परत फिरायचं, हे मुलांना आधीच सांगा.

निघण्याआधीची तयारी छोटी पण सक्तीची: नाश्ता करून यायचं, कारण उपाशीपोटी भोवळ येते. बंद बूट, शाळेचं ओळखपत्र. मोबाइल शाळेतच जमा, शिक्षकांचाही खिशात बंद. डोळ्यांपुढे अंधारी आली तर भिंतीला टेकून खाली बसायचं आणि हात वर करायचा. भोवळ आली म्हणजे हे क्षेत्र आपलं नाही असं मुलांना वाटतं, तसं काही नसतं, हे आधीच बोला.

काय बघायचं? रक्त बघायला जात नाही आहोत, निर्णय बघायला जातो आहोत. आलेल्या रुग्णांत आधी कोणाला घेतात? लाल (ताबडतोब उपचार हवेत), पिवळा (थोडं थांबू शकतो), हिरवा (बराच वेळ थांबू शकतो) अशी विभागणी कशी होते? ओरडणारा माणूस पुष्कळदा पिवळा किंवा हिरवा असतो आणि गप्प पडलेला लाल असतो, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की विसरत नाही.

डॉक्टरांना एक विनंती करा: सर्पदंशातली २० मिनिटांची रक्त गोठण्याची तपासणी समजावून दाखवा, रक्ताऐवजी रंगीत पाणी घेऊन. स्वच्छ, कोरडी काचेची ट्यूब, तिच्यात थोडंसं ताजं रक्त, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदा तिरपी करायची. रक्त पातळ राहून वाहिलं तर ते घोणस किंवा फुरशाच्या विषाचं लक्षण. ट्यूब काचेचीच लागते, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला लागतं, प्लॅस्टिकमध्ये निकाल फसवा येऊ शकतो. नाग-मण्यारचं विष मज्जासंस्थेवर जातं, तिथे ही ट्यूब काही सांगत नाही, पापण्या जड होतात का ते बघावं लागतं. घड्याळ, काचेची नळी आणि नजर एवढ्यावर मोठा निर्णय घेतला जातो हे पाहून विज्ञानाची आवड असलेली मुलं थक्क होतात.

सावधान: आपल्याकडे गावं लहान, ओळखी फार. आत गेल्यावर शेजारचे काका, वर्गातल्या मुलीची आई समोर येऊ शकते. जे पाहिलं ते गावात, घरी, व्हॉट्सॲपवर सांगायचं नाही. विष घेतलेल्या रुग्णाची बातमी एखाद्या मुलाच्या तोंडून गावात पसरली तर त्या घराचं जगणं कठीण होतं. दारातून आत जाण्याआधी प्रत्येकाकडून हे तोंडी वदवून घ्या. शवागार, बाळंतपणाचा कक्ष आणि अत्याचारग्रस्त रुग्णांची खोली भेटीत नको.

टप्पा ६: दुसऱ्या दिवशीची बैठक

ही वगळण्याचा मोह सगळ्यांना होतो. भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी अर्धा तास गोल बसा. काय पाहिलं, काय खुपलं, रात्री झोप लागली का. कुणी गप्पच असेल तर नंतर एकटं गाठा. मूल अस्वस्थ राहिलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक पालकांना द्या.

इथेच काही मुलं म्हणतील, हे माझं काम नाही. त्यांना समजवायला जाऊ नका. पंधराव्या वर्षी हे कळलं तर घरच्यांचे क्लासचे पैसे आणि मुलाची दोन वर्षं वाचतात.

टप्पा ७: रस्ते, परीक्षा आणि कागदपत्रं

आता टप्पा २ मधले साखळीचे कागद पुन्हा काढा. प्रत्येक दुव्याजवळ तिथे पोहोचण्याचा रस्ता लिहायचा.

इमर्जन्सी मेडिसिनचा तज्ज्ञ डॉक्टर: बारावी विज्ञान, नीट-यूजी, साडेपाच वर्षांचं एमबीबीएस इंटर्नशिप धरून, मग नीट-पीजी आणि तीन वर्षांची एमडी किंवा डीएनबी ही पदव्युत्तर पदवी. म्हणजे बारावीनंतर किमान साडेआठ वर्षं. हा आकडा पालकांसमोर मोठ्याने सांगा.

१०८ वरचे डॉक्टर: महाराष्ट्रात या गाड्यांवर बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेले, डॉक्टर मोठ्या संख्येने काम करतात. बीएएमएसलाही नीट लागते.

नर्सिंग: बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्यासाठी राज्याची वेगळी प्रवेश परीक्षा (सीईटी). जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, कला-वाणिज्यची बारावी झालेल्यांनाही खुला. घरची परिस्थिती बेताची असेल तर लवकर कमावतं करणारा आणि कॅज्युअल्टीच्या अगदी मध्यभागी नेणारा हाच रस्ता, आणि तो दुय्यम म्हणून मुलांपुढे मांडू नये.

पॅरामेडिक आणि इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन: २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली आहे. मात्र फसवणूकही इथेच सर्वाधिक. "शंभर टक्के नोकरी" असा फलक लावणाऱ्या संस्थेत पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: पदवी असेल तर कुठल्या विद्यापीठाची, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असेल तर तिथल्या यादीत कॉलेजचं नाव आहे का, आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण कुठल्या रुग्णालयात. दोन्हींची लेखी उत्तरं मिळाली नाहीत तर उठून या.

तपासा, आणि हे दहावीच्या मुलांसोबतही: अकरावीला जीवशास्त्र घेतलंय का? गणित घेऊन जीवशास्त्र सोडणारी मुलं बारावीत धावपळ करतात. नीटसाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवेत, खुल्या वर्गाला पहिल्या तीन विषयांत मिळून ५० टक्के, राखीवला ४०. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. गुणवान मुलांच्या जागा कागदाअभावी जातात, विशेषतः नंदुरबार आणि शिरपूर-चोपड्याच्या आदिवासी पट्ट्यात. जातीचा दाखला असूनही जात वैधता प्रमाणपत्र नसतं. त्याचा अर्ज अकरावीतच शाळेमार्फत करा, वडिलांकडचे जुने महसुली आणि शाळेचे दाखले शोधायलाच महिने लागतात. ओबीसींसाठी नॉन-क्रिमीलेअर आणि सर्वांसाठी अधिवास प्रमाणपत्र त्याच फाइलमध्ये लावा. फाइल मुलाच्या घरी ठेवा आणि झेरॉक्सचा एक संच शाळेच्या कपाटात.